धोंडूबाई शाळेत का जात नाही

धोंडूबाई : म्हणजे अजून त्याचं नावसुद्धा ठेवलेलं न्हाय?

साक्षी : नाही आजी. आत्ता नुसता कमी दाबाचा पट्टा आहे. संध्याकाळपर्यंत वादळ झालं तर नाव देतील.

धोंडूबाई : बघ म्हणजे. बारसं व्हायचंय अजून, आणि आम्ही आधीच घर सोडून पळायचं.

साक्षी : ‘निसर्ग’ वादळाचं बारसं झालं होतं ना रीतसर? म्हणून काय त्यानं तुमचं छप्पर ठेवलं?

धोंडूबाई : छप्पर नेलान, पण घर ठेवलान. सर जरा, बोंबलांवर पाय पडेल तुझा. सकाळपासून तिसऱ्यांदा आयलीस. त्या केशरी जाकिटात तू कशी दिसतेस सांगू?

साक्षी : सांगा.

धोंडूबाई : मळ्यातलं बुजगावणं. फक्त बुजगावणं बोलत न्हाय.

साक्षी : ट्रेनिंगमध्ये दिलंय, माझ्या मापाचं नव्हतं. आजी, गावच्या आपत्ती समितीनं मला कोळीवाडा दिलाय. वारा सुटायच्या आत सगळ्यांना शाळेत पोचवायचं. सगळे निघाले. राहिल्या आहेत त्या तुमच्यासारख्या तीन-चार म्हाताऱ्या.

धोंडूबाई : म्हातारी कुणाला म्हणतेस? म्हातारे ते बघ, पिशवी भरून ओट्यावर बसलेत. लग्नाला निघाल्यासारखे. त्यांना ने.

महिपत : मी कवापासून तयार हाय. विजेरी घेतली, लुंगी घेतली, तंबाखू घेतला, पत्ते घेतले.

साक्षी : आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या, आजोबा?

महिपत : त्या तांडेलणीच्या ताब्यात. पोरी, समुद्रावर उभा जन्म मी तांडेल होतो. मी हात केला की नाव वळायची. घरात मी खलाशी.

धोंडूबाई : खलाशी असतात तर कामाला तरी आला असतात.

साक्षी : बोंबील ड्रममध्ये भरू या. मी हात लावते, झाकण घट्ट बसवते. मग निघाल?

धोंडूबाई : बोंबलांचं झालं. कोंबड्यांचं काय?

साक्षी : शाळेच्या मागे शेड आहे. तिथं टोपलीखाली ठेवू.

धोंडूबाई : माझी काळी दुसऱ्यांच्या कोंबड्यांत राहत न्हाय. टोचते. तिचा स्वभावच तसा.

महिपत : मालकिणीवर गेलीय.

साक्षी : आजी, तौक्ते वादळाच्या वेळी तुमचं कारण काय होतं?

धोंडूबाई : तेव्हा कोरोना होता. शाळंत ही गर्दी. कोण जाणार?

साक्षी : आता कोरोना नाही.

धोंडूबाई : न्हाय ना. नको तेव्हा गेला.

साक्षी : तौक्तेला तुम्ही घरात राहिलात, म्हणून आजोबा राहिले. आणि वरचा वासा त्यांच्या खांद्यावर आला. आजोबा, हात वर करून दाखवा.

महिपत : हा. एवढा होतो.

साक्षी : एवढाच?

महिपत : पत्ता टाकायला पुरतो.

धोंडूबाई : मी त्यांना जा म्हणत होते. देवाशप्पत. दहा वेळा म्हटलं, तुम्ही तरी जावा.

महिपत : म्हणत होती. पण एवढी वर्षं तिचं ऐकून कंटाळा आलेला. म्हटलं, एक दिवस नको ऐकू या.

साक्षी : आज ऐकाल का?

महिपत : आज लगेच निघन. ती निघाली की.

साक्षी : ऐकलंत आजी?

धोंडूबाई : मना कान हायत. ओ, असं करा, तुम्ही जाऊन तेवढ्या कोंबड्या धरा. काळीला हात लावू नका, ती मी बघन.

महिपत : म्हणजे निघायचं ठरलं?

धोंडूबाई : कोंबड्या धरायचं ठरलं. जावा.

महिपत : बघितलंस पोरी? हुकूम सुटला. जातो.

साक्षी : गेले ते. आता खरं सांगा.

धोंडूबाई : काय खरं?

साक्षी : सोनूबाई म्हणतात, गुडघ्यांनी उठवत नाही. मैनाकाकी म्हणतात, मांजर व्यायलंय, पिल्लं सोडून कशी येऊ. तुम्हाला कोंबडी आडवी येते. प्रत्येकीचं कारण निराळं, पण शाळेत एकीलाही यायचं नाही.

धोंडूबाई : सोनूचे गुडघे? परवा बंदरावर मासळीचा लिलाव लागला तेव्हा मना ढकलून पुढं धावत गेली ती.

साक्षी : तेच म्हणते मी.

धोंडूबाई : आणि मैनाचं मांजर बोका हाय.

साक्षी : आजी, मला हसवू नका. वरून फोन येतायत, किती जणांना हलवलं म्हणून. त्या शाळेत आहे तरी काय? भूत आहे का?

धोंडूबाई : भूत असतं तर बरं होतं. भुताची लाज वाटत न्हाय.

साक्षी : म्हणजे?

धोंडूबाई : निसर्ग आयलं तेव्हा तू कुठे होतीस?

साक्षी : चेंबूरला, मावशीकडे. लॉकडाऊनमध्ये अडकले होते.

धोंडूबाई : म्हणून तुला ठाऊक न्हाय. बस खाली. ते जाकीट काढ आधी, पोलिसाशी बोलल्यासारखं वाटतं.

साक्षी : काढलं. बोला.

धोंडूबाई : पहाटेच आम्हाला शाळंत नेऊन बसवलान. वर्गात बायका-पोरं, व्हरांड्यात बापये, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. आता सांग, शाळंचा संडास कुठे हाय?

साक्षी : मैदानाच्या पलीकडे, कुंपणाला लागून.

धोंडूबाई : मैदानात गुडघाभर पाणी. बरं, पाण्यातनं पण गेलो असतो, आम्हाला पाण्याचं काय. पण जायचं कसं? व्हरांड्यातनं. तिथं कोण बसलेलं? माझा जावई, सोनूचे भाचे, मैनाचा थोरला दीर, सगळा गाव. बाई दारात आली की सगळ्यांच्या माना वर. कुठे चाललीस, काय पाहिजे, पाऊस बघ किती. आता काय सांगायचं त्यांना? आणि एवढं करून कुणी गेलंच, तर संडासाला कुलूप. चावी शिपायाकडे, आणि शिपाई तिकडं बोर्लीला, त्याच्या घरी.

साक्षी : मग काय केलंत?

धोंडूबाई : काय करणार. पाणी प्यायचं बंद केलं. मांडी घालून बसले, मंग पाय लांब करून बसले, मंग मैनाचा हात घट्ट धरून बसले. दुपारी असा वारा सुटला की माडाचे शेंडे जमिनीला टेकतायत, पत्रे कागदासारखे उडतायत. बाकीच्या देवाला म्हणतायत, आमचं घर राख. मी म्हणतेय, घर ने बाबा पाहिजे तर, पण ह्या बापयांना जरा वेळ कुठेतरी ने.

साक्षी : बाप्यांना ने म्हणालात देवाला?

धोंडूबाई : हस, हसलीस तरी चालेल. आम्ही पण हसलो. सोनूनं माझ्याकडं बघितलान, मी तिच्याकडं, आणि हसायला जे लागलो. ती मोठी चूक झाली. हसल्यावर जास्तच लागते.

साक्षी : मी हसत नाहीये, आजी. मग केव्हा…

धोंडूबाई : अंधार पडल्यावर, पाऊस कमी झाला तेव्हा. सगळ्या एकदम, एकीच्या आड एक. पण तोवर व्हायचं ते झालेलं. दुसऱ्या दिवसापासून उन्हाळी लागली. थेंब थेंब, आणि आग. अंगात ताप. सगळा गाव घरं शाकारत होता आणि मी गोधडीत कण्हत पडलेली. लोक म्हणाले, छप्पर गेलं म्हणून म्हातारीनं हाय खाल्लीन. मी म्हटलं, म्हणू देत. सोनूला तर बोर्लीला नेऊन सलाईन लावलं.

साक्षी : आणि कोणी काही बोललं नाही.

धोंडूबाई : कुणाला बोलणार? समितीत सगळे बापये. माणसं चांगली हायत, न्हाय म्हणू नये. विचारायचे, भात पोचला काय, चादर मिळाली काय. त्यांना काय सांगायचं?

साक्षी : आता समितीत मी आहे ना.

धोंडूबाई : हायस. पण सकाळपासून तीनदा आयलीस, आणि तू पण चादरींचंच सांगितलंस.

साक्षी : खरं आहे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला दोरीच्या गाठी शिकवल्या, बुडणाऱ्याला कसं ओढायचं ते शिकवलं. आणि मी स्वतः बाई असून मला हे सुचलं नाही.

धोंडूबाई : तू तरणी हायस. तुला धरून ठेवता येतं.

साक्षी : शाळेचा संडास दुरुस्त झालाय आता. चावी माझ्याकडेच आहे. पण आहे तो तिथंच.

धोंडूबाई : व्हरांडा पण तिथंच हाय.

साक्षी : थांबा जरा. विहार. आमच्या बौद्धवाडीतला विहार चालेल.

धोंडूबाई : काय चालेल?

साक्षी : टेकाडावर आहे, पाणी चढत नाही. वर स्लॅब आहे. निसर्गमध्ये त्याची एक खिडकी फुटली, बाकी काही झालं नाही. आणि मागच्या बाजूला दोन संडास आहेत, विहारातूनच दार. व्हरांडा नाही, मैदान नाही. आतून कडी.

धोंडूबाई : कडी आतून?

साक्षी : आतून. बाप्यांना शाळा, बायका आणि लहान पोरं विहारात. बोला.

धोंडूबाई : विहारात? मी?

साक्षी : का, काय झालं?

धोंडूबाई : तुमच्या वाडीत मी लग्न होऊन आयल्यापासून पाटी घेऊन येते. तुझ्या आजीला मासळी दिली, आता तुझ्या आईला देते. ओट्यावर पाटी उतरवली, तिथनंच उचलली. उंबऱ्याच्या आत कवा पाय न्हाय टाकला.

साक्षी : कोणी नको म्हटलं होतं का?

धोंडूबाई : नको कुणी म्हटलं न्हाय. ये पण कुणी म्हटलं न्हाय. आणि खरं सांगू, म्हटलं असतं तर मी आयले नसते. आमच्यात तशीच रीत होती. वाईट होती, पण होती. आता पाऊस आला म्हणून मी तुमच्या दारात उभी राहू? कुठल्या तोंडानं?

साक्षी : ह्याच तोंडानं. भाव करताना चांगलं चालतं ते.

धोंडूबाई : तू म्हणशील गो. तुझी आई काय म्हणेल?

साक्षी : विचारते. …हॅलो, आई. हो, जेवले. नाही, अजून कोळीवाड्यातच. ऐक ना, विहार उघडायचा का बायकांसाठी? कोळीवाड्यातल्या. हो, रात्रभर. शाळेत संडासाची अडचण आहे… हो ना, मलाही आत्ताच कळलं. बाबांना सांगशील? …धोंडूबाई आहेत, सोनूबाई, मैनाकाकी, अजून येतील. हो, त्याच धोंडूबाई. काय? बरं, सांगते.

धोंडूबाई : काय म्हटलान?

साक्षी : म्हणाली, पापलेटाच्या भावावरून माझ्या दारात तासभर भांडते ती बाई. झोपायला यायला तिला आमंत्रण कशाला पाहिजे?

धोंडूबाई : आणि?

साक्षी : आणि चटया टाकून ठेवते म्हणाली. बाबा टाकीत पाणी भरतायत.

धोंडूबाई : तुझी आई लय टोचून बोलते.

साक्षी : काळ्या कोंबडीसारखी.

धोंडूबाई : ते जाकीट दे इकडं.

साक्षी : तुम्ही कुठे निघालात?

धोंडूबाई : सोनूकडं. तू पुन्हा गेलीस तर तिचे गुडघे अजून दुखतील. विहार म्हटलं की नाक मुरडेल ती, मना ठाऊक हाय. मी तिच्या कानात सांगन, कडी आतून हाय. नाक आपोआप सरळ होईल. मैनाला सांगायला पण लागणार न्हाय, तिनं माझ्या अंगात हे बघितलान की समजेल.

साक्षी : खूप मोठं होतंय तुम्हाला ते.

धोंडूबाई : तुला होत होतं. मना बरोबर हाय.

महिपत : काळी सोडून सगळ्या धरल्या. एकीनं चोच मारलीन. …हे काय? हिच्या अंगात जाकीट कुणी घातलं?

साक्षी : आजी निघाल्या, आजोबा.

महिपत : निघाली? एवढी वर्षं मी सांगतो, ऐकलं न्हाय. तू काय मंतर मारलास?

साक्षी : आमचं बायकांचं आहे काहीतरी.

धोंडूबाई : बायका विहारात जाणार, टेकाडावर. तुम्ही शाळंत जावा.

महिपत : म्हणजे वेगवेगळं?

धोंडूबाई : एक रात. समुद्रावर आठ-आठ दिवस जायचात, तेव्हा न्हाय विचारलंत.

महिपत : तेव्हा तू घरात असायचीस. मना ठाऊक असायचं, कुठे हाय ते.

धोंडूबाई : आता पण ठाऊक हाय. स्लॅबच्या खाली, सोनूच्या बाजूला. ह्या गोळ्या धरा. रातची विसराल तर बघा. आणि पत्त्यांत जावयाला फसवू नका.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, विहाराच्या पायरीवर. पाऊस थांबला आहे, वारा अजून आहे.)

महिपत : ओ तांडेलीण. हायस काय आत?

साक्षी : हळू, आजोबा. झोपल्यात त्या.

महिपत : कोण, ही? वादळात झोपली?

साक्षी : घोरत होत्या. सोनूबाई म्हणाल्या, वादळ कधी गेलं ते कळलंच नाही, हिचाच आवाज.

धोंडूबाई : मी जागी हाय. सोनूचं काय खरं धरू नका. सगळी बरी हायत ना?

महिपत : माणसं बरी. शेजारच्या चांगदेवाची होडी पालथी पडली, पण फुटली न्हाय. वरच्या आळीत तिघांचे पत्रे गेले.

धोंडूबाई : आणि आपलं?

महिपत : आपलं छप्पर हाय.

धोंडूबाई : मंग तोंड असं का केलंय?

महिपत : चुलीकडची भिंत बसली. आतल्या अंगाला. तौक्तेला तू गोधडी घेऊन जिथं बसली होतीस ना, तिथंच सगळी.

साक्षी : आजोबा, बसा तुम्ही आधी. पाणी आणू?

महिपत : नको. उजाडल्याबरोबर गेलो बघायला. बघितलं आणि माती उपसायला लागलो. मंग आठवलं, ही तिथं न्हाय. टेकाडावर हाय.

धोंडूबाई : मंग थांबलात ना?

महिपत : तरी थोडी उपसली.

धोंडूबाई : त्या हातानं?

महिपत : हात वर जात न्हाय. खाली जातो.

धोंडूबाई : बघू. नखं बघा कशी करून ठेवलीत. बसा इथं. बोंबलांचा ड्रम कुठे गेला?

महिपत : ड्रम शाबूत हाय. तुझी काळी त्याच्यावर बसलीय, कुणाला जवळ येऊ देत न्हाय.

साक्षी : आजी, दुपारी पंचनाम्याला माणसं येतील. भिंतीचं मी नोंदवून घेते. आणि रविवारी ग्रामसभा लावतायत, नुकसानीची. तिथं एक गोष्ट मांडायचीय. शाळेत बायकांच्या खोलीला लागून संडास पाहिजे, आतून दार असलेला. तो होईपर्यंत विहार बायकांसाठी ठेवायचा, तसं बाबांनी वाडीत विचारलंय.

धोंडूबाई : मांड की.

साक्षी : मी मांडलं तर म्हणतील, पोरगी मुंबईत राहून आली, तिथलं खूळ घेऊन आली. तुम्ही बोला.

धोंडूबाई : मी? सभेत? माइकवर?

महिपत : काय बोलायचंय? संडासाचं काय?

साक्षी : आजी, यांना माहीत नाही?

धोंडूबाई : कोण सांगणार?

महिपत : काय ठाऊक न्हाय मना?

धोंडूबाई : निसर्गात मी शाळंत दिवसभर लघवी धरून बसले. सगळ्या जणी बसलो. तुम्ही बापये व्हरांड्यात होतात म्हणून. मंग तापानं पडले ती त्यानं. छपरासाठी न्हाय. आणि तौक्तेला घरात राहिले ती पण त्यासाठीच. झालं, सांगितलं.

महिपत : मी दाराशीच बसलो होतो.

धोंडूबाई : व्हय.

महिपत : पाण्याची बाटली पाठवली मी तुला. दोनदा.

धोंडूबाई : आणि मी दोनदा परत पाठवली.

महिपत : मना वाटलं, रुसलीस.

धोंडूबाई : रुसायला फुरसत कुणाला होती.

महिपत : एवढ्या वर्षांत सांगितलं न्हायस.

धोंडूबाई : तुम्ही विचारलंत, भात जेवलीस काय. मी म्हटलं, जेवले.

महिपत : रविवारी मी बोलतो सभेत.

धोंडूबाई : काय बोलाल?

महिपत : बोलन. म्हणजे, बायकांचं जे काय… जी अडचण असते… त्याच्यासाठी काहीतरी…

धोंडूबाई : बघ पोरी. ह्यांनी हात केला की नाव वळायची म्हणे.

साक्षी : मग कोण बोलणार?

धोंडूबाई : मीच बोलन. सोनूला नि मैनाला घेऊन जाईन. एकदा तोंडातनं निघालंय, आता दुसऱ्यांदा काय.

महिपत : आणि मी काय करू?

धोंडूबाई : तुम्ही पुढं बसा. मना दिसाल असे.